बॅटरीची वायर काढली की मिसिंग जात नाही, पुरावा जातो

'गॅरेजवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत' अशी सुरुवात असलेला एक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला, तीनदा मी सोडून दिला. पण सांगलीच्या माझ्या मेहुण्याने तो नुसता वाचला नाही, करून बघितला.

मेसेजचं म्हणणं असं. डॅशबोर्डवरचा चेक इंजिन लाइट लागून गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटून झटके खायला लागली, तर बॅटरीची मायनस वायर दहा मिनिटं काढून ठेवा, कॉम्प्युटर रीसेट होऊन दुखणं जातं. लाइट लुकलुकत असेल तर कनेक्शन लूज आहे, बिनधास्त चालवा. चालू इंजिनवर एकेक कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) उपटून बघा, मेलेला सिलिंडर सापडतो. मिसिंग म्हणजे प्लगच, चारही बदला. आणि एवढं करूनही गेलं नाही तर दोष ई-२० पेट्रोलचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा.

आधी तो लुकलुकणारा लाइट, कारण खरं नुकसान तिथे झालं. स्थिर लाइट म्हणजे 'दाखवून घे'. लुकलुकणारा म्हणजे 'आत्ता पाय काढ'. हे माझ्या मनाचं नाही. गाडीने आपले दोष आपणच ओळखायची ही 'ओबीडी' व्यवस्था आधी सक्तीची करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाच्या नियमात (कलम १९६८.२) ते स्पष्ट आहे: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा डबा) खराब होईल इतकं मिसिंग होत असेल, तर लाइटने सेकंदाला एकदा लुकलुकायचं. लूज कनेक्शन म्हणे!

सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल हवेसकट पुढे कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. ती जाळी तापून वितळली की धूर बाहेर जायची वाटच बुजते. मेहुणा पेठ नाक्यापर्यंत झटके खात का होईना, पण आला. साताऱ्याच्या पुढे, खंबाटकीचा बोगदा यायच्या आधी, गाडी ६० च्या वर जाईना आणि खालून तापलेल्या लोखंडाचा वास यायला लागला. कन्व्हर्टरचं एस्टिमेट ४८ हजार. मूळ दुखणं काय, तर तिसऱ्या सिलिंडरची एक कॉइल.

आता ती बॅटरीची वायर. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याला, दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो. एक धक्का चुकला की क्रँक क्षणभर मंदावतो, सेन्सर ते पकडतो आणि कॉम्प्युटर एका कोडने नोंद करतो. (खड्ड्यांच्या रस्त्यावर तो कधीकधी फसतो, पण ते असो.) पी०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. पी०३०० म्हणजे कुठलाही, पाळीपाळीने. शिवाय त्या वेळी आरपीएम किती होते, इंजिन गार होतं की गरम, लोड किती होता, हेही कोडसोबत टिपलेलं असतं. वायर काढली की बहुतेक गाड्यांत हे सगळं पुसलं जातं. चोर घरातच, आणि पंचनामा आपणच फाडायचा! साधं मिसिंग असेल तर लाइट पुन्हा लागायला सहसा गाडी दोनदा तरी चालू करून फिरवावी लागते. तेवढ्यात माणूस 'शंभर टक्के गुण आला' म्हणून मेसेज पुढे पाठवून मोकळा.

कॉइल उपटायची युक्ती अगदीच हवेतली नाही, हे कबूल. पद्मिनी-अ‍ॅम्बॅसेडरच्या जमान्यात मिस्त्री प्लगची वायर काढून सिलिंडर ओळखायचेच. पण आजच्या कॉइलमधून वीस-तीस हजार व्होल्ट निघतात. हाताला बसेल तो झटका वेगळाच, वर कॉम्प्युटरमधला कॉइल चालवणारा भाग जाऊ शकतो, आणि कच्चं पेट्रोल पुन्हा त्या कन्व्हर्टरमध्येच.

तेच काम इंजिन बंद ठेवून होतं. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड लिहून ठेवून स्कॅनरने (कोड वाचायच्या यंत्राने) पुसा, गाडी फिरवून आणा. पी०३०१ आला तर दुखणं कॉइलबरोबर सरकलं, म्हणजे कॉइल गेली. पी०३०३च राहिला तर आता प्लगची अदलाबदल. तरी तिथेच? मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर काय सरकलं ते कळणारच नाही. कॉइल काढलीच आहे तर प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळून तिथे तेल साचतं, वॉशिंगनंतर पाणी. मेहुण्याच्या कॉइलच्या रबरावर पेन्सिलीने ओढावी तशी एक राखाडी रेघ होती. ठिणगी प्लगला न जाता त्या रेघेवरून बाजूच्या धातूत उडत होती.

प्लगांबद्दल फार बोलत नाही. मुदत संपली असेल तर बदला. सीएनजीवर ते लवकर जातात, कारण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. पण सीएनजीच्या गाडीत टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) कमी होऊन व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर प्लगचे दोन सेट बदलूनही मिसिंग तसंच राहतं.

ई-२० बद्दल थोडं मान्य करावंच लागेल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज पडतं. ते पाणी ओढतं, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांना त्रास होऊ शकतो. टाकीत पाणी असेल तर इंजिन मिसिंग मारेलही. पण चारही सिलिंडरना पेट्रोल एकाच टाकीतून जातं. दरवेळी तिसराच का रुसतो, याचं उत्तर पंपावर कसं मिळणार?

काल तोच मेसेज ग्रुपवर पुन्हा आला, या वेळी सासऱ्यांकडून. फोन करून विचारलं, बाबा, तुमच्या गाडीचा लाइट लागलाय का? म्हणाले, "लागला होता. वायर काढली, गेला."