परवाना खुर्चीचा, जागेचा नाही

मुंबई-पुण्यात गच्चीवरच्या किंवा अंगणातल्या एखाद्या रेस्टॉरंटवर पालिकेची कारवाई झाली की दोन गट ठरलेले. एक म्हणतो, सगळं अनधिकृत आहे, पाडून टाका. दुसरा लंडन-पॅरिसचे फोटो टाकून विचारतो, तिकडे फूटपाथवर टेबलं चालतात, मग आपल्याकडेच का नाही? या दुसऱ्या गटात आम्ही परदेशस्थ मराठी मंडळी जरा जास्तच हिरीरीने असतो. त्या फोटोत टेबल दिसतं, त्यामागचा कागद दिसत नाही.

इंग्लंडपुरतं बोलायचं तर तो कागद म्हणजे पेव्हमेंट लायसन्स, फूटपाथवर टेबल-खुर्च्या मांडायचा परवाना. २०२० मध्ये कोविडच्या काळात तात्पुरती सोय म्हणून हा प्रकार आला आणि ३१ मार्च २०२४ पासून कायमचा झाला. पहिल्या परवान्याला कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, जास्तीत जास्त ५०० पौंड घेऊ शकते, नूतनीकरणाला ३५०, आणि मुदत फार तर दोन वर्षं. अर्ज दिला त्याच दिवशी दारावर नोटीस लावायची, १४ दिवस हरकतींसाठी, पुढच्या १४ दिवसांत निर्णय. पण खरी मेख वेगळीच आहे. परवानगी मिळते ती उचलून नेता येईल अशा सामानाला: टेबल, खुर्ची, छत्री, हीटर. जागेवर हक्क तयार होत नाही. आपल्याकडचा सगळा वाद जागेवर चालतो, मार्जिन (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) कोणाचं आणि गच्ची कोणाची यावर. माझ्या मते तिथेच गाडी अडते.

छोट्या बुटीक हॉटेलचं गणित बघा. वीस-पंचवीस खोल्या, आत चाळीस खुर्च्या. बाहेर अठरा खुर्च्या लागल्या तर तेवढ्याच स्वयंपाकघरावर जवळपास निम्मी बसायची सोय वाढते. त्यामुळे मोह प्रचंड. आज टेबल, पुढच्या वर्षी छत्री, त्यानंतर पत्रा, मग काच आणि एसी. पुण्यात साइड मार्जिनमध्ये जे पाडलं जातं, त्यातलं बरंचसं एकेकाळी नुसतं टेबल-खुर्चीच होतं. मार्जिन मोकळं ठेवायचं ते बंब आत यावा म्हणून. खुर्च्या दोन मिनिटांत उचलता येतात, पत्र्याची शेड येत नाही.

फूटपाथवरच्या मांडणीत हमखास चुकतं ते एकच. नकाशात खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या दाखवतात, पण जेवणारा माणूस तसा बसत नाही. साठ सेंटिमीटरचं टेबल भिंतीपासून रस्त्याच्या दिशेने मांडलं, एकाची पाठ भिंतीकडे आणि दुसऱ्याची रस्त्याकडे अशी माणसं बसली, की १.६ मीटर गेले. बाहेरच्या बाजूचा माणूस उठायला खुर्ची मागे ढकलतो तेव्हा आणखी अर्धा मीटर जातो. फूटपाथ ३.२ मीटरचा असेल तर चालणाऱ्याला उरतो १.१. इंग्लंडमधल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन मीटर मोकळे हवेत, अगदीच अडचण असेल तर दीड. तेच टेबल भिंतीला समांतर, म्हणजे दोघं भिंतीच्या रेषेत समोरासमोर बसतील असं ठेवलं, तर रुंदी सत्तर सेंटिमीटरमध्ये भागते आणि खुर्ची सरकली तरी बाजूला सरकते. कडेला अडसर लावायचा तर जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटरवर एक आडवी पट्टी हवी, म्हणजे पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला कळतं. नुसती दोरी बांधली तर काठी तिच्याखालून जाते आणि माणूस दोरीत अडकतो.

आपल्याकडे फूटपाथवर हा प्रयोग करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक ठिकाणी दोन मीटरच सलग मिळत नाहीत. शिवाय फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा असून त्यांची नोंदणी रखडलेली. त्यांना हटवून तिथे हॉटेलची टेबलं लावणं कोणत्याच न्यायात बसत नाही. बोलायचं ते अंगण आणि गच्चीबद्दल.

गच्चीची गोष्ट आली की मुंबईच्या कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबची आग आठवतेच. मुंबई महापालिकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटचं धोरण मंजूर केलं आणि दोन महिने व्हायच्या आत, २९ डिसेंबरला, त्या आगीत १४ जण गेले. बरेचसे स्वच्छतागृहाकडे धावले आणि गुदमरले. वर झाकलेलं साहित्य ज्वालाग्राही होतं. तेव्हापासून चर्चा ‘गच्ची हवी की नको’ एवढ्यावरच अडकली आहे. विचारायला हवं ते हे: ती गच्ची उघडी होती का?

उघडं म्हणजे किती उघडं, याचं मोजमाप इंग्लंडच्या धूम्रपानबंदीच्या नियमात आहे, आणि ते उचलण्यासारखं आहे. डोक्यावर छप्पर असेल आणि भिंतींचा निम्म्याहून अधिक भाग बंद असेल, तर ती जागा आतली. दारं-खिडक्या, म्हणजे उघडझाप करता येणारी कुठलीही गोष्ट, ‘मोकळी जागा’ म्हणून मोजायची नाही. पावसाळी शेडला हे लावून बघा. जूनमध्ये शेडची तात्पुरती परवानगी घेतात, झड आत येते म्हणून तीन बाजूंना प्लास्टिकचे गुंडाळायचे पडदे सोडतात. पडदा वर गुंडाळता येतो, म्हणून जागा उघडीच, असा युक्तिवाद होतो. या मोजमापाने ती सरळ बंद खोली ठरते. मग खोलीला लागणारे दोन जिने, दोन दारं, धूर जायची वाट, सगळं लागू. आणि शेड ऑक्टोबरात निघाली की नाही हे बघायला कुणी तरी गेलं पाहिजे. फोटोसह, तारीख घालून.

गॅसचे छत्रीसारखे हीटर इंग्लंडमधले पाहून आपल्याकडच्या काही गच्च्यांवरही आले आहेत. साधारण १३ किलोवॅटचा हीटर पूर्ण ज्योतीवर १३ किलोचा सिलिंडर तेरा-चौदा तासांत संपवतो आणि उष्णता बहुतांश आकाशाला देतो. फ्रान्सने तर एप्रिल २०२२ पासून उघड्यावरच्या हीटरांवर बंदीच घातली. मुंबईत ते निव्वळ मिरवण्यापुरते आहेत, कापडी छताखाली तर धोकादायक. छत्र्यांचंही तसंच: तीन मीटरच्या छत्रीला तळाशी किमान चाळीस किलो वजन हवं, आणि गच्चीवर वारा सुटला की ती मिटायची, गिऱ्हाईक उन्हात बसलं असलं तरी.

आवाजाचा विषय मात्र दोन्हीकडे सारखाच पेटतो. लंडनच्या सोहो भागात २०२० च्या उन्हाळ्यात संध्याकाळी रस्ते बंद करून टेबलं मांडली, रहिवासी वैतागले आणि सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस योजना गुंडाळली. तेव्हा लंडन म्हणजे आदर्श असं कुणी समजू नये. आपल्याकडे उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, पण तक्रारी येतात त्या बऱ्याचदा त्यानंतरच्या. रात्री साडेअकराला लोखंडी खुर्च्या फरशीवरून ओढत एकावर एक रचणं आणि रिकाम्या बाटल्या पिंपात ओतणं, हे दोन आवाज सर्वांत वाईट. पायांना रबरी टोप्या लावा, बाटल्या सकाळी ओता. हॉटेलच्या आतल्या चौकाच्या चारही भिंती दगडी असतील तर बोलणं थेट वरच्या खोल्यांत चढतं, म्हणजे पहिली तक्रार हॉटेलच्याच पाहुण्याची. दोन मोठ्या स्पीकरांऐवजी टेबलांजवळ सहा-आठ छोटे, हळू आवाजात लावले तर काम भागतं.

पाऊस आल्यावर काय, हे बुकिंग घेतानाच ठरवावं लागतं. लंडनमध्ये बरीच ठिकाणं बाहेरच्या टेबलाचं बुकिंग देताना स्पष्ट लिहितात की पाऊस आला तर आतली जागा मिळेलच असं नाही. आपल्याकडे हे सांगायचा संकोच होतो. मग सव्वाआठला सर येते, अठरा माणसं ताटं हातात घेऊन आत घुसतात आणि मालक दुसऱ्या दिवशी पत्रा टाकायचा विचार करू लागतो. बाहेरची निम्मी टेबलं बुकिंगविना, आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी ठेवली, तर हा प्रश्न पुष्कळ हलका होतो.

इंग्लंडच्या नियमातलं एक कलम मात्र आपल्याकडे आणू नये. तिथे मुदतीत उत्तर आलं नाही, तर परवाना मिळाला असं धरलं जातं. आपल्या वॉर्ड ऑफिसात फाइल दाबून ठेवण्याचेही पैसे लागतील.