ॲसिड, विषाची सुई आणि तुमचा राग

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: केमिकल पील (ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणं) आणि सुरकुत्यांची इंजेक्शनं एकत्र करण्यावरचा माझा लेख म्हणजे शुद्ध जाहिरात; 'चेहऱ्याला ॲसिड फासा, वरून विषाची सुई टोचा' म्हणजे एका फेरीत दोन पावत्या फाडायची सोय; तुमच्या आजींनी साय आणि डाळीच्या पिठावर ऐंशी वर्षं काढली; आणि तुमच्या मावसबहिणीचा चेहरा लग्नाआधी आठ दिवस पार्लरमध्ये केलेल्या पीलने काळा पडला, त्यावर मी अवाक्षर काढलं नाही.

शेवटचं आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. ते लिहायला हवं होतं. आपली कातडी गव्हाळ नाहीतर सावळी. तिला भाजलं, खरचटलं, मुरूम फोडला की लाली उतरते आणि मागे काळा डाग राहतो. पील म्हणजे मोजूनमापून केलेली जखमच. म्हणून आधी दोन ते चार आठवडे मशागत लागते: रात्रीचं क्रीम, सकाळी सनस्क्रीन, ब्लीच-स्क्रब बंद. पीलचं ग्लायकोलिक ॲसिड लावते तेव्हा माझी नजर घड्याळावर आणि चेहऱ्यावर आळीपाळीने असते. पहिल्या खेपेला दोन-तीन मिनिटं, फार नाही. नाकाच्या कडेला लाली उठताना दिसली की बाकीचा चेहरा थांबू दे, तेवढ्या जागी आधी ॲसिड मारणारं सोड्याचं पाणी. तिथे अर्धा मिनिट फोन घ्यायला गेलं की संपलं. आणि लग्नाआधी आठ दिवस? साल निघत असताना मांडवात ऊन, हळद, तासन्‌तास मेकअप. मशागत करून घेतलेलं पीलसुद्धा त्या आठवड्यात मी करणार नाही.

आता 'विष'. हो, विषच आहे. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे लोकांच्या तोंडचं बोटॉक्स, स्नायूला मिळणारा मज्जातंतूचा निरोप अडवतं. त्याचा पहिला मान्यताप्राप्त उपयोग सुरकुत्यांसाठी नव्हताच. अमेरिकेत १९८९ मध्ये ते तिरळेपणा आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या विकारासाठी मान्य झालं. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स यांना अशाच रुग्णांच्या भुवयांमधल्या रेषा पुसट झालेल्या दिसल्या. त्वचातज्ज्ञ असलेल्या नवऱ्याबरोबर त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता यायला २००२ उजाडलं. तीन ते चार महिन्यांत असर ओसरतो. ओसरतो म्हणूनच मला ते बरं वाटतं.

मग दोन्ही कशाला? ताई, शर्टावरचा डाग इस्त्रीने जात नाही आणि चुण्या नुसत्या धुण्याने जात नाहीत. वांग, उन्हाचे डाग, खरखरीत पोत हा वरच्या थराचा प्रश्न, तिथे पीलचं काम. भुवया आक्रसून पडलेली उभी रेषा स्नायूची. तिच्यावर जगातलं कुठलंही सौम्य पील लावा, ती हलणार नाही. गाल बसला असेल तर तिसराच मामला, तिथे हायलुरोनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे बसलेली जागा भरून काढणारं इंजेक्शन. नाव ॲसिड असलं तरी ते पाणी धरून ठेवणारं जेल असतं. फक्त आमच्याकडे इस्त्री आधी आणि धुणं नंतर. मी टॉक्सिन आधी देते, ते दोन आठवड्यांत पूर्ण बसतं, मग पील. फिलरलाही दोन आठवड्यांचं अंतर, कारण पीलने उघड्या पडलेल्या त्वचेतून सुई घालणं म्हणजे जंतूंना आवतण.

काही जण एकाच दिवशी सगळं उरकतात. मीही उरकायचे. सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षिकाबाईंना कपाळात टॉक्सिन दिलं आणि त्यांना परगावी जायची घाई म्हणून लगेच पील लावून, ओल्या बोळ्याने कपाळ चांगलं पुसून काढलं. आठवड्याभरात त्यांची डावी पापणी उतरली. सुईची जागा चुकली की चोळण्याने औषध सरकलं, यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. दोन्ही वेळा हात माझाच. डोळ्यात घालायचे थेंब दिले, पापणी वर यायला पाच आठवडे लागले, आणि त्या पाचही आठवडे वर्गातली पोरं 'बाई, डोळा मारताय का' म्हणत होती. हे त्यांनी मला हसत सांगितलं, तरी मी काही हसले नाही.

तुमच्या आजींबद्दल. आंबलेल्या सायीत आणि दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं, तेव्हा ॲसिड त्याही लावत होत्याच, फारच सौम्य. पण मला वाटतं, त्यांची खरी राखण डोक्यावरच्या पदराने केली. इथे तुम्ही नकळत माझ्या लेखाची दुखरी नस धरलीत. मी 'प्रतिबंध' हा शब्द ऐसपैस वापरला. टॉक्सिनने पुढच्या रेषा टळतात याचा बहुचर्चित दाखला २००६ सालचा: दोन जुळ्या बहिणी, एकीने तेरा वर्षं नेमाने घेतलं, दुसरीने दोनदाच. पहिलीचं कपाळ नितळ. पण एक लॉस एंजेलिसला, दुसरी म्युनिकला, आणि मोजणीला माणसं दोन! सनस्क्रीनचं तसं नाही. ऑस्ट्रेलियात नाम्बूर गावी ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी. आणि २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो आला होता, अठ्ठावीस वर्षं खिडकीशी बसलेला. खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी लोंबलेली, उजवी त्यामानाने तरुण. काचेतून यूव्हीए, म्हणजे त्वचा म्हातारी करणारे उन्हातले अतिनील किरण येतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा आपले चालक उजवीकडून म्हातारे होणार.

तेव्हा पील-इंजेक्शनं ही बरीचशी दुरुस्ती. प्रतिबंध म्हणजे दोन बोटं भरून सनस्क्रीन आणि स्कार्फ. लेखाचं शीर्षक आज बदललं आहे, सनस्क्रीनचा परिच्छेद तळातून वर आणला आहे. जाहिरातीच्या आरोपावर काय बोलू? ही कामं करून मी पैसे घेते, ते लपवलेलं नाही.

मावसबहिणीला सांगा, आता घाईने दुसरं पील नको, आणि गोरेपणाची स्टेरॉइडवाली ट्यूब तर मुळीच नको. असे डाग बहुतेक वेळा उतरतात, पण महिन्यांच्या हिशोबाने. जवळच्या त्वचातज्ज्ञाकडे जाताना पीलआधीचा एखादा फोटो न्यावा, मेकअप नसलेला. लग्नाचा अल्बम नको.