बाटली डब्यात टाकू नका, डब्याशेजारी ठेवा

जर्मनीत नवीन आलेल्या आपल्या पोरापोरींसाठी लिहितेय, पण पुणेकरांनीही वाचा प्लीज, कारण मला शेवटी पुण्याबद्दलच बोलायचंय.

परवा इथल्या एका मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की आपले स्टुडंट्स अनामतीच्या पैशांसाठी रिकाम्या बाटल्या गोळा करताना दिसले, लाज वाटते, देशाचं नाव खराब होतं वगैरे. वाचून इतकं लागलं मला. कारण मी कोलोनला मास्टर्सला आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात माझे पैसे संपले होते. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवावे लागतात त्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ठरलेलीच रक्कम मिळते, ती भाडं आणि इन्शुरन्समध्ये जायची, आणि पार्टटाइम जॉब सुरू व्हायला अजून दीड महिना होता. तेव्हा होस्टेलच्या कॉमन किचनमध्ये पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी बाटल्यांचा ढीग असायचा, मी मुलांना विचारलं की मी नेऊ का, ते म्हणाले ने की. पहिल्या खेपेला प्लास्टिकच्या आणि कॅन मिळून ३६, आणि बियरच्या काचेच्या २०. झाले १० युरो ६० सेंट. तांदूळ, मसूर, कांदे, दूध सगळं आलं त्यात. आईला फोनवर सांगितलं नव्हतं, आज इथे वाचेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे पाण्याची, कोकची एकदाच वापरायची बाटली किंवा कॅन घेतला की बिलात वर २५ सेंट लागतात, त्याला फांट म्हणतात, म्हणजे अनामत. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातली की मशीन ती फिरवून बारकोड वाचतं, आत चेपल्याचा कर्रकन आवाज येतो आणि चिठ्ठी निघते, ती काउंटरवर दिली की पैसे. परत धुवून भरतात त्या बियरच्या बाटल्यांना साधारण ८ सेंट, पाण्याच्या तशा बाटल्यांना बहुतेक १५. वाइनच्या बाटलीला सहसा काहीच नाही, ती रंगाप्रमाणे काचेच्या कंटेनरमध्ये.

आणि हे काही लोक फार शहाणे म्हणून आपोआप झालेलं नाही. १९९१ च्या कायद्यात लिहून ठेवलं होतं की परत भरायच्या बाटल्यांचं प्रमाण ७२ टक्क्यांच्या खाली गेलं तर एकदाच वापरायच्या बाटल्यांवर अनामत लागू होणार, कंपन्यांनी ते मनावर घेतलं नाही, प्रमाण घसरलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १ जानेवारी २००३ ला सरकारने ती खरंच लावली. सुरुवातीला नुसता गोंधळ, ज्या दुकानातून घेतली तिथेच परत करा असं चालायचं, मे २००६ पासून मग सगळीकडे सारखी पद्धत आली. म्हणजे इथेही दहा-पंधरा वर्षं गेलीच.

पण मला खरं सांगायचंय ते त्या आजींबद्दल. युनिव्हर्सिटीजवळच्या बागेत एक सत्तरीच्या आजी ट्रॉली घेऊन यायच्या, हातात टॉर्च आणि लांब चिमटा, फुटबॉलची मॅच असली की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हजर. पेन्शन पुरत नाही म्हणाल्या, अगदी सरळ सांगितलं. त्यांना कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालताना पाहिलं, आत फुटकी काच, उष्टं, काय काय असतं. त्यानंतर मी बागेतली एकही बाटली उचलली नाही, ती त्यांची फेरी होती, मी होस्टेलच्या तेवढ्याच न्यायचे. इथे काही लोक डब्यांवर स्टिकर लावतात की फांटची बाटली आत नको, बाजूला ठेवा. कोलोनच्याच एका डिझायनरने, पाउल केत्स नाव त्याचं, डब्याभोवती बसवायचं कडं बनवलं, बाटली उभी ठेवायला. पंचवीस सेंट सोडून द्यायचे असतील तर सोडा हो, पण निदान दुसऱ्याला हात घाण न करता घेता येतील असे सोडा.

आता पुणे. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला स्वच्छच्या, म्हणजे कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई यायच्या, मी शाळेत होते तेव्हापासून त्याच. पुण्यात १९९३ ला बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्यातूनच पुढे स्वच्छ आली, या बायकांना ओळखपत्रं मिळाली, हे आपल्याच शहराने करून दाखवलंय. ताईंचा पगार म्हणजे घराघरातून मिळणारे पैसे आणि भंगार विकून येणारे. त्यात पाण्याच्या बाटल्या हा चांगला माल, पण किलोवर जातो, आणि एवढ्या हलक्या बाटल्यांचा किलो भरायला किती वेळ लागतो ते त्यांनाच विचारा.

महाराष्ट्रात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली ना, त्या अधिसूचनेत बाटल्यांची अनामत होती, मोठ्या बाटलीला १ रुपया, छोटीला २. तुम्हाला कुणाला कधी परत मिळाला का तो रुपया? मला तर नाही. आणि आपल्या देशात जमत नाही असं मुळीच नाही, तामिळनाडूतल्या निलगिरीत २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी आणली की परत देतात.

म्हणून अनामत परत आणा असंच माझं म्हणणं आहे, पण नुसती मॉलमध्ये मशीनं बसवून नको. तसं केलं तर गाडीवाले गाडीतून बाटल्या नेतील, ॲपवर पैसे घेतील आणि ताईंच्या पोत्यातला सगळ्यात चांगला माल तेवढा निघून जाईल. जमा करायची केंद्रं कचरावेचक बायकांच्याच हातात द्या, जो बाटली आणेल त्याला तिथेच रोख पैसे, ती त्याने विकत घेतली होती का हे विचारायचं नाही. जर्मनीतलं मशीन हे विचारत नाही, आजींना नाही विचारलं, मलाही नाही.

तोपर्यंत, पुण्यात असाल तर बाटल्या ओल्या कचऱ्यात कोंबू नका, वेगळ्या पिशवीत ताईंच्या हातात द्या. आणि इथे जर्मनीत असाल तर डब्याशेजारी उभी ठेवा, आणि चेपू नका, लेबलही फाडू नका, चेपलेली बाटली मशीन परत बाहेर ढकलतं.