कोर्टाचं दार कोणाला उघडं?
युरोपियन कमिशनचे, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार चालवणाऱ्या संस्थेचे, अधिकार वाढले, तरी लक्झेंबर्गचं युनियनचं कोर्ट लगाम धरून आहे, हे लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. कमिशनने २०१३ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकांवर निर्बंध घातले (आमच्या यवतमाळकडे पऱ्हाटीवर तुडतुड्यांसाठी हेच फवारतात). इमिडाक्लोप्रिड बनवणारी बायर कंपनी कोर्टात गेली, २०२१ मध्ये अपीलही हरली. ठीक. पण तिचं म्हणणं ऐकून तरी घेतलं! सामान्य माणसाला याच कोर्टाच्या १९६३ च्या प्लाउमन निकालाची अट आडवी येते: निर्णयाचा फटका तुम्हाला इतरांपेक्षा वेगळा बसतो, हे दाखवा. सगळ्यांना सारखाच बसला तर थेट दावा सहसा टिकत नाही. प्लाउमन तर संत्री आयात करणारी फर्म होती, तीही बाहेरच राहिली. आपल्याकडे निदान नागपूर खंडपीठात जनहित याचिका घालता येते. २०१७ च्या फवारणी विषबाधेनंतर घातलीही होती.