राखेत लिहिलेलं नाव

आज संध्याकाळी एका व्याख्यानाला गेले होते. विषय ‘जपानकडून काय शिकावं’. घरी येऊन जेवण झालं, ओटा आवरून झाला, तरी डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहायला बसलेय. लांबेल. वेळ नसेल तर उद्या वाचा, पण वाचा.

वक्ते चांगले बोलणारे होते आणि सभागृह भरलेलं होतं. वेळेवर येणाऱ्या गाड्या, स्वतःचा वर्ग स्वतः झाडणारी मुलं, सगळं येऊन गेलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. शेवटाकडे ते म्हणाले, जपान पुढे गेला कारण वरून आज्ञा आली आणि खालच्यांनी ती पाळली. मतं, हक्क, निवडणुका त्या लोकांनी कधी मागितल्याच नाहीत, युद्धानंतर अमेरिकेनं हातात फुकट आणून ठेवल्या. आणि टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडून पडल्या.

त्या वाक्यापेक्षा त्या टाळ्या मला जास्त लागल्या. माझ्या शेजारी आईच्या वयाच्या एक बाई बसल्या होत्या. मतदानाच्या दिवशी सकाळी सातला रांगेत उभी राहणारी ती पिढी. त्याही मान डोलावत होत्या.

मी २०१४ ते २०१८ टोकियोत होते, निशि-कासाईला. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या, पंचाहत्तरीच्या. मी त्यांना ओबाआसान म्हणायचे, म्हणजे आपली आजीच. थंडीत मी कामावरून आले की कोतात्सूत, म्हणजे खाली शेगडी असलेल्या पांघरूणवाल्या ठेंगण्या टेबलात, पाय घालून बसायला बोलवायच्या, संत्री सोलून पुढ्यात ठेवायच्या आणि बोलायच्या. एक गोष्ट त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितली असेल.

१९४६ च्या एप्रिलची गोष्ट. संसदेची निवडणूक होती आणि जपानी बायका तिच्यात पहिल्यांदाच मत देणार होत्या. आजी सात वर्षांच्या. आदल्या वर्षीच्या १० मार्चच्या रात्री बॉम्बवर्षावात फुकागावातलं त्यांचं घर जळालं होतं. एका रात्रीत टोकियोत लाखाच्या आसपास माणसं मेली, ती रात्र. वडील सैन्यात, चीनमध्ये, अजून परतलेले नव्हते. आई आणि ही मुलगी पत्र्याच्या खोपटात राहत होत्या आणि तांदळाच्या शिध्याचा पत्ता नसल्यानं रताळ्यांवर दिवस काढत होत्या. आणि आई रोज रात्री चूल विझली की राख हातानं सपाट करायची आणि त्यावर काडीनं काहीतरी लिहायची. मुलगी जवळ आली की तळहात फिरवून पुसायची. पुन्हा सपाट. पुन्हा लिहायची.

जपानमध्ये मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, यंत्राचं बटणही नसतं. उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहावं लागतं, आजही. आजींची आई सहावीपर्यंत शिकलेली, लिहिण्याची सवय सुटलेली. चूक झाली तर मत वाया जाईल या धास्तीनं ती बाई राखेत सराव करत होती.

आता मला सांगा, ज्या बाईला कुणी काहीतरी फुकट हातात ठेवलंय, ती पोटात भूक असताना रात्री जागून त्याचा सराव करते का?

त्या सभागृहात मी उठून हे बोलायला हवं होतं. बोलले नाही, ते सलतंय.

बरं, मागितलंच नाही म्हणे. १८६८ साली शोगुनांची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांची, अडीचशेहून जास्त वर्षांची सत्ता गेली, मेईजी सम्राट आला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा पोरगा होता. आज्ञा काढणारे त्याच्यामागचे मूठभर सामुराई होते. १८७१ मध्ये त्यांनी सगळी संस्थानं खालसा केली. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आणि नवा जमीन महसूल आला. खालच्यांनी मुकाट्यानं पाळलं? गावंच्या गावं उठली. जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के ठरवलेला महसूल सरकारला १८७७ मध्ये अडीच टक्क्यांवर आणावा लागला, तो शेतकऱ्यांनी दंगे केले म्हणून.

आणि १८७८ मध्ये शिकोकू बेटावरच्या कोचीत कुसुनोसे किता नावाची एक विधवा होती. नवऱ्यामागे घर तिच्या नावावर, कर ती भरत होती. वॉर्डाच्या निवडणुकीत मत द्यायला गेली तर बाई म्हणून परत पाठवलं. तिनं सरकारला लिहून कळवलं की मत नाही तर करही नाही. हे १८७८ मध्ये! तिथेच, कामिमाची भागात, १८८० साली घर चालवणाऱ्या बायकांना स्थानिक निवडणुकीत मत मिळालं. चार वर्षांत वरच्या सरकारनं कायदा बदलून ते काढून घेतलं. म्हणजे खालच्यांनी मागून घेतलं आणि वरच्यांनी हिसकावलं. आजच्या व्याख्यानात याच्या बरोबर उलटं सांगितलं गेलं.

मला किता वाचताना नेहमी आजींची आईच दिसते. नवरा नाही, घर तिच्यावर. मधे अडुसष्ट वर्षं.

१८८१. आपल्याकडे पुण्यात केसरी निघाला ते वर्ष. त्या वर्षी टोकियोच्या पश्चिमेला डोंगरातल्या इत्सुकाइचि नावाच्या गावात चिबा ताकुसाबुरो हा शाळामास्तर आणि गावातली मंडळी रात्री जमून वाद घालत होती आणि देशाची राज्यघटना लिहीत होती. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. २०४ कलमं लिहिली. चिबा दोनच वर्षांत गेला, एकतीस वर्षांचा. तो मसुदा एका घराच्या मातीच्या कोठारात पडून राहिला आणि थेट १९६८ मध्ये इतिहासकारांच्या हाती लागला. ते गाव आता अकिरुनो शहरात येतं, तिथे जाऊन मी ते जुनं कोठार पाहिलंय. बाहेर झाडं, आत अंधार, आपल्या वाड्यातल्या बळदाची आठवण व्हावी असं. तिथून हलताना मला रडू आलं होतं, सरळ सांगते.

असे मसुदे तेव्हा देशभर लिहिले जात होते. कोचीच्याच उएकी एमोरीनं तर जुलमी सरकारला विरोध करण्याचा हक्कही कलमात घातला होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८४ मध्ये चिचिबूत रेशमाचे भाव कोसळले आणि कर्जात बुडालेले हजारो शेतकरी उठले, सावकारांची घरं फोडून त्यांनी कर्जाची कागदपत्रं नष्ट केली. सुप्याला १८७५ मध्ये आपल्या शेतकऱ्यांनी केलं तेच. फौज पाठवून त्यांना चिरडलं, पुढाऱ्यांना फाशी दिली. मग १८८९ मध्ये सम्राटानं प्रजेला घटना ‘बहाल’ केली आणि १८९० च्या पहिल्या निवडणुकीत मत कुणाला, तर वर्षाला पंधरा येन कर भरणाऱ्या पंचविशीपुढच्या पुरुषांना. शंभरातल्या जेमतेम एकाला. बायकांना त्याच वर्षी राजकीय सभेत नुसतं बसायलाही कायद्यानं बंदी झाली. ती बंदी उठवायला हिरात्सुका राइचो आणि इचिकावा फुसाए या स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या बायकांना १९२२ पर्यंत झगडावं लागलं. मत तर पुढेच राहिलं. १९२५ मध्ये सगळ्या पुरुषांना मिळालं, आणि त्याच वर्षी सरकारविरुद्ध विचार करणाऱ्यांना आत टाकणारा कायदाही आला.

हे लिहिताना माझा राग वाढत चाललाय. इतकी माणसं, इतकी वर्षं, आणि आपण एका वाक्यात त्यांना पुसून टाकतो आणि वर टाळ्या वाजवतो.

हो, मान्य आहे, १९४६ ची राज्यघटना अमेरिकन अधिकाऱ्यांनी फेब्रुवारीत आठवडाभरात इंग्रजीत लिहून जपान सरकारपुढे ठेवली. त्याआधी सरकारनं स्वतः केलेला मसुदा इतका जुनाट होता की तो घेण्यासारखा नव्हताच. पण सुझुकी यासुझो या घटनेच्या अभ्यासकानं आणि त्याच्या सोबत्यांनी डिसेंबर १९४५ मध्येच आपला मसुदा प्रसिद्ध केला होता, आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी तो बारकाईनं वाचला होता. आणि सुझुकीनं आयुष्यभर अभ्यास कुणाचा केला होता? उएकी एमोरीचा. १८८१ मधल्या माणसांचा. मग फुकट कसं? पासष्ट वर्षं कोठारात ठेवलेलं बियाणं होतं ते. प्रत्येक माणसाला किमान निरोगी, सुसंस्कृत जगणं मिळण्याचा हक्क, हे आजचं पंचविसावं कलम तर अमेरिकन मसुद्यात नव्हतंच, जपानच्या संसदेत निवडून आलेल्यांनी ते घातलं. चोविसाव्या कलमात नवराबायकोचा बरोबरीचा हक्क आहे, तो लिहिणारी अमेरिकन गटातली बेआते सिरोता बावीस वर्षांची होती, हेही खरं. पण तीही टोकियोत वाढलेली, तिथल्या बायकांचे हाल डोळ्यांनी पाहिलेली.

हेही मान्य की ओकिनावाच्या लोकांना १९४६ च्या त्या निवडणुकीत मत नव्हतं, आणि जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन, तैवानी माणसांचं होतं ते काढून घेतलं. आणि त्या वेळी ३९ बायका निवडून आल्या, तो आकडा ओलांडायला २००५ उजाडलं. या गोष्टी मलाही टोचतात.

पण टाळ्यांकडे परत यायचंय, कारण मूळ दुखणं तिथे आहे.

१५ मे १९३२. पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी, वय ७६, त्यांच्या घरात नौदलाचे तरुण अधिकारी पिस्तुलं घेऊन घुसले. म्हातारा त्यांना बसा म्हणाला, बोललं की कळेल म्हणाला. त्यांनी गोळ्या घातल्या. हे इनुकाई ओकायामाचे. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण सगळे फिरायला जातो, ते ओकायामाच्याच बागेच्या धर्तीवर बांधलंय. पुढच्या वेळी त्या पुलावर उभं राहाल तेव्हा या म्हाताऱ्याची आठवण काढा. खटला चालला तेव्हा लोकांनी मारेकऱ्यांना माफी द्या म्हणून लाखो सह्यांचे अर्ज पाठवले. साध्यासुध्या लोकांनी. देशप्रेमी पोरं आहेत, हे पक्षवाले पुढारी तसलेच, असं म्हणत. म्हणजे हो, लोकांनीही साथ दिली, तेही खरंच. तिथून तेरा वर्षांत आजींचं घर जळालं.

म्हणून मला टाळ्यांची भीती वाटते हो. आज्ञा देणाऱ्याची वाटत नाही तेवढी.

आणि तरीसुद्धा! १९४० च्या फेब्रुवारीत साइतो ताकाओ नावाचा खासदार संसदेत दीड तास उभा राहून विचारत होता, चीनमधलं हे युद्ध नेमकं कशासाठी चाललंय. त्याला संसदेतून काढून टाकलं. विरोधात मत द्यायची हिंमत फक्त सात जणांनी केली. पण १९४२ च्या निवडणुकीत, सरकारनं स्वतःचे उमेदवार ठरवून दिलेले असताना, ह्योगोतल्या त्याच्या मतदारांनी त्याला पहिल्या क्रमांकानं परत पाठवलं. त्या खेड्यातल्या लोकांनी पोलिसांचा डोळा असताना कागदावर त्याचं नाव हातानं लिहिलं. ही तुमची आज्ञाधारक जपानी जनता.

चहा केला मधे. जरा शांत झालेय.

१० एप्रिल १९४६ ला आजींच्या आईनं आपला एकुलता धड मोन्पे, म्हणजे कामाची सैल विजार, घातला, मुलीचे केस ओल्या फणीनं विंचरले आणि दोघी चालत निघाल्या. मतदान एका शाळेत होतं, भिंती काळ्या, खिडक्यांना काचा नाहीत. लांबच लांब रांग, त्यात पाठीला पोरं बांधलेल्या बायका. त्या दिवशी देशात सव्वा कोटीहून जास्त बायकांनी मत दिलं. आजींना एवढंच आठवतं की आई आतून आली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या बोटांना पेन्सिलीचा काळा रंग लागला होता आणि तो तिनं घरी जाईपर्यंत पुसला नाही.

शरदात वडील परत आले. त्यांनी विचारलं, कुणाला दिलंस? आई म्हणाली, ते सांगायचं नसतं. ते चिडले. जेवण टाकून उठले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाली. आजी सांगायच्या, त्या घरात आईनं वडिलांना नाही म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते हे. मोठेपणी आजींनीही किती वेळा विचारलं. राखेत काय लिहायचीस? तेव्हा आजींना कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, वाचता येत नव्हती, त्यामुळे पाहूनही कळलं नव्हतं. आई सांगितल्याशिवायच गेली.

२०१४ च्या डिसेंबरात, मी तिथे नवीनच असताना, संसदेची निवडणूक होती. रविवार, कडाक्याची थंडी. आजींचा गुडघा दुखत होता म्हणून मी शाळेच्या फाटकापर्यंत सोबत गेले. मला आत जाता येणार नव्हतं, बाहेर उभी राहिले. पाच मिनिटांत आजी काठी टेकत आल्या. मी आपलं सहज विचारलं, कुणाला दिलंत?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातमोजा काढला, आणि तळहात हवेत आडवा फिरवला, एकदा इकडून तिकडे, सावकाश. मग हातमोजा घातला आणि म्हणाल्या, चल, वाटेत रताळी घेऊ.