चाकू पाहावा घेऊन

चाळिशीत गुडघे कुरकुरू लागले की शहाणा माणूस योगासनं करतो. ज्याला ते कबूल करायचं नसतं, तो ट्रेकिंगचं सामान घेतो. माझे बूट घेऊन झाले, सॅक झाली, कपाळाला लावायचा दिवाही झाला. उरला चाकू. टोमॅटो कापायचा नव्हे. रानात चालणारा, घडी न होणारा, नातवाला देता येईल असा.

घडीचा का नको, तर बिजागरीतच तो आधी दगा देतो म्हणतात. हे पटलं. पण जाणकार तेवढ्यावर सोडत नाहीत. पोलादाची एकच पट्टी टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत गेलेली हवी, याला फुल टँग म्हणायचं. ती का हवी? तर चाकू ओंडक्यावर टेकवून त्याच्या पाठीवर दांडक्याने हाणायचं आणि लाकूड उभं चिरायचं, म्हणून. हे बॅटनिंग. व्हिडिओतला दाढीवाला बर्फात बसून बर्चचं लाकूड चिरत होता आणि मी कोथरूडमध्ये मान डोलावत होतो. माझा आवडता गड हरिश्चंद्रगड. तो 1986 पासून अभयारण्यात आहे. तिथे मी ओंडका चिरायला बसलो, तर पुढचा मुक्काम गडावर नाही, वनखात्याच्या कचेरीत.

मग पोलादाचा घोळ. कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण ते गंजतं. स्टेनलेस सहसा गंजत नाही, पण कार्बनवाले त्याचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. सह्याद्रीत जुलै महिन्यात माणूससुद्धा गंजतो, तिथे चाकूची काय कथा! त्यातच स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू पुढे आले. प्लास्टिकची मूठ, किंमत बेताची, आणि साध्या मॉडेलात पोलाद मुठीच्या बुडापर्यंत जातच नाही. तरीही रानात राहणारे लोक ते खुशाल वापरतात. म्हणजे फुल टँगवर मी जाळलेल्या रात्री गेल्या वाया.

शेवटी वेल्ह्याच्या बाजूला एका लोहाराकडे गेलो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून तो कोयते घडवतो. त्याला मोबाईलवर चित्र दाखवलं : पातं चार इंच, जाडी तीन मिलिमीटर, पाठ काटकोनात.

"पाठ अशी कशापायी? हाताला लागंल की."

"खास सळई येते, तिच्यावर घासून ठिणग्या पाडायला. विस्तव पेटवायला."

त्याने खिशातून काडेपेटी काढून माझ्यापुढे धरली.

मी विषय बदलला. पोलादाचा कडकपणा रॉकवेल नावाच्या मापावर 58 हवा की 60, यावर मी बरंच वाचून ठेवलं होतं. ते कसं विचारावं या विचारात असतानाच तो म्हणाला, "पानी लई पाजलं तर तुकडा पडंल, कमी पाजलं तर धार वळंल. बेतानं पाजतो." आख्खा वाद बिडी पेटायच्या आत मिटला. मग त्याने खरा प्रश्न विचारला.

"पन सायेब, तोडायचं काय हाय?"

"तसं... सगळंच."

"मग कोयता न्या."

कोयत्याचा मोह मलाही झाला होता. पण 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्याच्या नियमांत शस्त्रं ठरतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं सुटतात. म्हणजे शेतकऱ्याच्या कमरेच्या आकडीतला कोयता सुटतो, आणि तोच सॅकला लटकवून लोकलमध्ये चढलो तर मी अडकू शकतो. यात अन्याय काही नाही. त्याला तोडायचं काय ते माहीत असतं.

चाकू झाला. बाभळीची मूठ, आरपार रिबिटा. कार्बन स्टीलवर कांदा-कैरी कापत राहिलं की काळसर थर चढतो आणि तो गंजाला थोडाफार आवर घालतो. याला पॅटिना म्हणतात. मी तो हौसेने चढवला. एका सकाळी आईने तारेच्या घासणीने चाकू लख्ख करून ठेवला. "शी, किती काळा केला होतास!" शेजारी तिची विळी होती. आजीच्या काळापासूनची, काळीकुट्ट. तिला घासणी लावायची घरात कुणाची टाप नाही.

तेव्हापासून पात्याला खोबरेल चोपडून ठेवतो. जूनमध्ये कोकणात उतरलो, एका वाडीत जेवायला थांबलो. "कांदा मी कापतो, काकी," असं म्हणून म्यानाचं बटण काढेपर्यंत काकींनी विळी पायाखाली दाबून कांदा, टोमॅटो आणि कोथिंबीर उरकलीसुद्धा. मग माझ्या हातातल्या चाकूकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

"तेल लावूनच आणलंस होय रे? शहाणा आहेस." आणि चीक गळत असलेला एक अगडबंब फणस त्यांनी माझ्यापुढे सरकवला.