साड्या टोळीने नेल्या, पगार पोरीचा कापला

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबण लागेल. शेजारची पोरगी धुळ्यात साड्यांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरला आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच तिची नोकरी जायची. मागे बायकांची टोळी आली, बस्ता बांधायचाय म्हणून ढीगभर माल काढायला लावला आणि भारीतल्या साड्या घेऊन पसार झाली. शेठ पोलिसांत गेले नाहीत. त्यांनी या पोरीच्या पगारातून हप्त्याहप्त्याने वसुली सुरू केली! आज पगाराचं पाकीट घेऊन आली तेव्हा तिचं तोंड बघवत नव्हतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

लग्नाआधी मी पण अशाच दुकानात गादीवर बसून साड्या दाखवल्यात, त्यामुळे "तुम्हाला धंद्यातलं काय कळतं" हे मला कुणी ऐकवू नये. आमच्याकडे अशी टोळी आली होती, ऐन लग्नसराईत. पाच बायका, कडेवर एक लेकरू. एकीला पाणी हवं, दुसरीला वरच्या रॅकमधलीच पैठणी हवी, लेकराने मध्येच भोकाड पसरलं. मी एकटी कुणाकुणाकडे बघणार? आमचे जुने सेल्समन आप्पा लांबून बघत होते. ते आले, माझ्या शेजारी मांडी घातली आणि त्या बायकांना काही न बोलता घड्या घालायला लागले. एकेक साडी मोठ्याने मोजत. मग अगदी गोड आवाजात, अहिराणीत म्हणाले, "एक साडी कमी शे, माय." पैठणी मागणारीने हसत हसत मांडीखालून साडी काढून दिली. आरडाओरडा नाही, हात लावणं नाही. दोन मिनिटांत सगळ्या उठून गेल्या.

आप्पांना मी विचारलं, कळलं कसं? म्हणाले, "भाव कुठे विचारला त्यांनी?"

खरंच की! आपल्याकडचा बस्ता आठवा. आत्या रुसते, मामी कोपऱ्यात बसून किंमतीचं लेबल उलटं करून बघते, मानपानाच्या साड्या वेगळ्या काढतात, शंभर रुपयांवरून अर्धा तास घासाघीस चालते. भावाचं नावही न काढता नुसतं "अजून दाखवा, अजून दाखवा" करणारं गिऱ्हाईक लग्नघरचं नसतंच. पण हे ओळखायला काउंटरला मुरलेला माणूस लागतो, आणि शेठ लोकांनी काय केलंय? जुनी माणसं महाग पडतात म्हणून घरी बसवली आणि कमी पगारावर पोरी ठेवल्या. एका पोरीसमोर सात बायका, मागे रॅक उघडा, साड्यांचा डोंगर गादीवर. चार दाखवल्या की चार घडी होऊन परत रॅकला गेल्या पाहिजेत, हा साधा नियम. एकटी पोर तो पाळणार कसा?

शेठ म्हणतील, कॅमेरे लावलेत. लावलेत हो, पण बघतं कोण? आणि चोरी झाल्यावर रेकॉर्डिंग त्याच दिवशी काढून ठेवलं नाही तर काही दिवसांत त्यावर नवीन चढतं. मग पोलिसांना काय दाखवणार, रिकामी गादी?

नुकसान होतं, मान्य. एका पैठणीचा भुर्दंड भरून काढायला किती साड्या विकाव्या लागतात ते मला माहितीये. पण पगारातून कापायचं तर माल तिच्या ताब्यात दिलेला असावा लागतो, तिचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो, तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. इथे कुणी विचारलंसुद्धा नाही. वर परिणाम बघा: आता दुकानातल्या बाकीच्या पोरी संशय आला तरी तोंड उघडणार नाहीत. बोललं की आपल्याच अंगावर शेकतं, हे त्यांनी बघितलंय. आप्पा बोलू शकले, कारण त्यांना मालकाची भीती नव्हती.

शेठ म्हणतात, पोलिसांत जायचं नाही, कारण कोर्टाच्या चकरा आणि मुद्देमाल अडकतो. अहो, १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहिता आलीये. त्यातल्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेली दुकानातली चोरी स्पष्ट बसते. कमीत कमी १ वर्ष, जास्तीत जास्त ७ वर्षं, शिवाय दंड. अशी टोळी एकाच बाजारात दोन-चार दुकानं करते. शेजारच्या दुकानाला एक फोन केला असता तरी पुढचा वाचला असता.

फोन केला नाही, पण व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर बायकांचे फोटो मात्र फिरवले. खाली जातीची नावं घालून! याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. १ जुलै २०१८ ला आपल्याच साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकरी माणसं मारून टाकली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. सगळा अफवांचा खेळ. एवढं होऊन आपण अजून फोटो फॉरवर्डच करतोय? संशय आला तर दार अडवा, पोलीस बोलवा. बाईची झडती बाईनेच घ्यायची असते, ते महिला पोलीस बघतील.

असो. लिहिता लिहिता राग जरा उतरला. शेठ माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचतीलच. भाऊ, तुमच्याशी भांडण नाही, वहिनींच्या हातचे मांडे खाल्लेत मी. पोरीचे कापलेले पैसे या आठवड्यात द्या आणि लग्नसराईआधी काउंटरला एक जुना माणूस परत बसवा. आप्पांचा नंबर आहे माझ्याकडे, घरी बसून कंटाळलेत बिचारे.